गेंड्याच्या नरड्यातली चिंधी

८ जानेवारी

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

दिवाणखान्यात बसून लिहिते आहे, कारण मागच्या खोलीत धूळ आहे. मागचा रस्ता रुंद करायचं काम सुरू झालं. मोजणीवाले येऊन आपल्या शेडच्या भिंतीवर चुन्याची फुली मारून गेले. मार्चअखेर शेड रिकामी करायची. घराला धक्का नाही. शेड मात्र जाणार. मोजणीवाल्याला मी टेप पुन्हा लावायला लावली. त्याची मोजणी बरोबर होती.

शेडमध्ये काय काय आहे ते तुला पाठ असेल. बाबांचं लाकडी बेंच, मोठा शिकंजा, पान्ह्यांची फळी आणि मधोमध गेंडा. बाबांनी तो ट्रॅक्टर भंगाराच्या भावात आणला तेव्हा त्या राखाडी धुडाला हे नाव तूच ठेवलंस. तू त्याचं इंजिन खोललंस, मध्येच बाबा गेले, पाठोपाठ तुझा कारखान्यातला नोकरीचा कागद आला आणि तू गेलास. तेव्हापासून तो ताडपत्रीखाली आहे. काल मी ताडपत्री काढली. उंदरांनी सीट खाल्ली आहे. बाकी लोखंड आहे, ते कोण खाणार?

भंगारवाला येऊन गेला. गॅस कटर कुठून लावायचा याचा अंदाज घेत गेंड्याभोवती फिरत होता. मला ते बघवलं नाही. त्याला मार्चअखेर ये म्हणून सांगितलं. मग शेतकी शाळेच्या प्राचार्यांना भेटले. त्यांच्याकडे जुन्या यंत्रांची शेड आहे, मुलं त्यांवर शिकतात. गेंडा ते आनंदाने घेतील, पण चालू असेल तरच. स्वतःच्या पायांनी गाडीवर चढणारं यंत्र हवं, उचलून न्यायचा मुडदा नको, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मला माणूस आवडला.

म्हणून गेंडा चालू करायचा असं मी ठरवलं आहे. तू रजा काढून ये. लेथवर सबंध आयुष्य काढलेला माणूस घरात असताना मी बाहेरचा मिस्त्री बोलावणार नाही.

माझी तब्येत ठीक. तुझं पत्र फार दिवसांत नाही आणि फोनवर तू "बरं" यापलीकडे जात नाहीस. चिमणीला आशीर्वाद सांग.

लोभ आहेच, त्याची काळजी करू नये. उत्तराची करावी.

तुझी,
अक्का

---

१७ जानेवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र टाइप केलेलं बघून दचकू नकोस. आमच्या चिमणीने टायपिंगचा क्लास लावला आहे आणि जुनं मशीन विकत घेतलं आहे. सराव व्हावा म्हणून मी सांगतो आणि ही बडवते. शेजारी तक्रार करतात.

गेंड्याचं वाचलं. अक्का, माझं स्पष्ट मत असं की भंगारवाल्याला देऊन टाक. इतकी वर्षं उभं राहिलेलं इंजिन जाम झालेलं असणार. रबर, गॅस्केट, वायरी, सगळं गेलेलं असणार. तुझं वय हँडल मारण्याचं नाही. कारखान्यात सध्या काम फार आहे, रजा मिळणं कठीण.

(टंकिकेची टीप: वन्सं, रजेचा अर्ज त्यांनी केलेलाच नाही. मी फक्त टाइप करते आहे, माझं काही म्हणणं नाही.)

शिवाय बाबांचा नियम तू विसरलीस. शेडच्या दारावर अजून असेल: ज्यानं खोललं, त्यानंच बसवायचं. दुसऱ्याने खोललेलं बसवायला गेलं की वॉशर आत राहतो, नाहीतर बोल्ट उरतो. इंजिन मी खोललं. मी येऊ शकत नाही. म्हणजे ते बसवता येत नाही. विषय संपला.

तू थंडीत शेडमध्ये बसू नकोस. गुडघे दुखतील.

ममता असू द्यावी, रागही असला तरी चालेल.

तुझा,
खिळ्या

---

२५ जानेवारी

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

नियम मला शिकवू नकोस. दारावरची ती अक्षरं मी रंगवली आहेत. बाबांनी सांगितलं आणि मी ब्रश धरला, तू खाली डबा धरून उभा होतास आणि निम्मा रंग चपलेवर सांडलास.

आता नियमाचंच बोलू. जाताना तू हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं ते जड झाकण, इंजिनवर परत ठेवलं होतंस, सिलिंडरमध्ये उंदीर जाऊ नयेत म्हणून. म्हणजे ते बंद होतं. काल मी ते पुन्हा उचललं. तेव्हा खोलणारी मी, बसवणारीही मी. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत मी उभी हयात काढली. एकाने उघडलेली बाटली दुसऱ्याने तपासायची नाही हा नियम तिथेही होता. बाटली कधी उघडली गेली म्हणायची, यावर वाद घालण्यात माझा हात कुणी धरला नाही.

हेड एकटीने उचललं नाही, घाबरू नकोस. शेजारचे दातांचे डॉक्टर मदतीला होते. हे तू गेल्यानंतर राहायला आले. दवाखाना बंद केल्यापासून त्यांना दिवस खायला उठतो. आपल्या हत्यारांचा ट्रे घेऊन येतात आणि बेंचवर पांढरा कपडा अंथरतात. पहिल्या दिवशी कार्बोरेटरपुढे बसून त्याला "आ करा" म्हणाले. मी सांगितलं की थट्टा करायची असेल तर घरी जाऊन करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पुन्हा तेच म्हणाले. मी हात टेकले.

इंजिन जाम आहे, हे तुझं बरोबर. चारही सिलिंडरमध्ये रॉकेल आणि तेल ओतून ठेवलं आहे. डॉक्टरांचं मत हातोडी हलकेच मारून बघावी. माझं मत थांबावं. तुझं मत काय ते कळव, म्हणजे निदान वाद मिटेल.

सुटा भाग निघाला की काचेच्या बरणीत घालून मी चिठ्ठी लावते. बाबांच्या वेळी सगळं एका डालडाच्या डब्यात असे. त्यांना सापडायचं कसं हे मला अजून कळलेलं नाही.

तुझे आशीर्वादांवरचे हक्क अबाधित आहेत.

अक्का

---

३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

हेड मी ठेवलं होतं, बसवलं नव्हतं. ठेवणं आणि बसवणं यात फरक आहे. एकही नट आवळला नव्हता. तेव्हा तुझा दावा टिकत नाही.

हातोडी मुळीच नको! डॉक्टरांना सांग की हा दात नाही. रॉकेल मुरू दे. रोज हँडल लावून थोडं मागे, थोडं पुढे, एवढाच जोर दे. हललं की हललं. नाहीच हललं तर पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेव आणि त्यावर मार, लोखंडावर लोखंड नको. आणि डॉक्टर कार्बोरेटरची बारीक भोकं कशाने साफ करतात? पोलादी सुईने करत असतील तर आताच्या आता थांबव. भोक मोठं होईल आणि इंजिन जन्मभर काळा धूर ओकेल. तांब्याची तार घ्यावी, वायरीतली एक सुटी करून.

व्हॉल्व्ह मी घासून बसवून ठेवलेले आहेत, त्यांना हात लावू नकोस. हेड बसवताना नट मधल्यापासून आवळत बाहेर जा, तेही एका दमात नको, तीन फेऱ्यांत. गॅस्केट नवी हवी. जुनी उलटून लावण्याची कल्पना तुझ्या डोक्यात येईल, ती काढून टाक.

हे मी सल्ला म्हणून सांगत नाही, नुकसान होऊ नये म्हणून सांगतो. मत अजूनही भंगाराचंच आहे.

(टंकिकेची टीप: वरचा सगळा मजकूर त्यांनी खोलीत येरझाऱ्या घालत सांगितला. हवेत नट आवळून दाखवले. चहा दोनदा गार झाला. वन्सं, असं आमच्या घरात फार दिवसांनी झालं.)

लोभ ठेव, गुडघ्यांना तेल लाव.

खिळ्या

---

१४ फेब्रुवारी

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

हललं.

काल सकाळी नेहमीसारखं हँडल लावलं आणि ते नखभर पुढे गेलं. मला वाटलं माझा हात सटकला. पुन्हा केलं, पुन्हा गेलं. दुपारपर्यंत पूर्ण फेरा झाला. डॉक्टर घरातून चहा घेऊन येत होते, त्यांना मी कुंपणावरून ओरडून सांगितलं. मी ओरडले याचं त्यांना इंजिनापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं.

पोलादी सुई बंद केली. तांब्याची तार वापरतो. "तुमच्या भावाला माझ्या दवाखान्यात ठेवायला हवं होतं," असं डॉक्टर म्हणाले आणि तुझ्या पत्रातला कार्बोरेटरचा भाग स्वतः वाचायला मागितला. वाचून झाल्यावर तुझी सही बराच वेळ बघत बसले. मग थोड्या वेळाने दवाखाना का बंद केला ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं. त्यांचा उजवा हात हलायला लागला होता. सुरुवातीला फक्त चहाच्या कपापुरतं होतं. मग एक दिवस पेशंटच्या तोंडातला आरसा दातांवर वाजायला लागला. पेशंट हसला. त्यांनी त्या आठवड्यात पाटी उतरवली.

मी त्यांना म्हटलं की इथे तर तुमचा हात मला हलताना दिसत नाही. त्यावर त्यांनी दाखवलं. दोन्ही कोपरं बेंचवर टेकवतात, मनगट शिकंज्याच्या अंगाला लावतात आणि मग तार धरतात. ही युक्ती दवाखाना बंद केल्यावर सुचली, म्हणाले. पेशंटच्या छातीवर कोपरं टेकवता येत नाहीत हा भाग वेगळा.

तुला बातमी म्हणून कळवलं.

नवी गॅस्केट मिळाली, हेड बसलं. तीन फेऱ्यांत, मधल्यापासून. आता टॅपेट राहिले, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरची ती कागदाएवढी फट. बाबा सांगायचे की खिळ्या फट बोटाने मोजतो आणि गेज नंतर लावून खात्री करतो. ते काम तुझं आहे. त्यासाठी तरी ये. वरची खोली झाडून ठेवली आहे.

आपली ममता आहे असं गृहीत धरून,

अक्का

---

२४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

टॅपेट गेज लावून कुणालाही बसवता येतात. पट्टी फटीत घालायची, किंचित अडकत सरकली की झालं. त्याला मी कशाला हवा?

माझ्या सहीचं तुमच्या डॉक्टरांनी काय करायचं आहे? कारखान्यातून दमून आल्यावर सही अशीच होते. शेजाऱ्यांना माझी पत्रं वाचायला देत जाऊ नकोस.

रजा नाही. गेंड्याचा नाद सोड. शेड जाणारच आहे, त्याच्याबरोबर तोही जाऊ दे. जुन्या गोष्टी कधीतरी संपतात आणि त्यात कुणाचा अपमान नसतो.

टंकिकेला टिपा घालायला मनाई केली आहे.

(टंकिका गप्प आहे.)

खिळ्या

---

९ मार्च

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. शेजाऱ्यांना दाखवलं नाही.

टॅपेट मी बसवले. किंचित अडकत सरकली म्हणजे नक्की किती, हे तू लिहिलं नाहीस, पण ते लिहून कळणारं नसावं. डॉक्टरांनी पट्टी धरली आणि मी पान्हा. मॅग्नेटो साफ करून लावला, ठिणगी चांगली निळी पडते. डॉक्टरांनी वायर धरून ती तपासली, अनवधानाने. त्यानंतर दोन दिवस आले नाहीत. पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येतं, रेडिएटर गळत नाही. सीट शिंप्याकडून शिवून आणली.

आणि इंजिन सुरू होत नाही.

चार दिवस आम्ही दोघं आळीपाळीने हँडल मारतो आहोत. एक साधा भडका नाही, खोकला नाही. विचित्र म्हणजे हँडल फिरवताना आतून कुणी धरून ठेवल्यासारखं वाटतं. कार्बोरेटरच्या तोंडावर तळवा ठेवला तर ओढ लागायला हवी ना? लागत नाही. प्लग काढून बघितले, कोरडे ठणठणीत. पेट्रोल येतं पण आत जात नाही. मी आणि डॉक्टर बेंचवर बसून त्याच्याकडे बघत राहिलो. दोघांनीही आयुष्यात न उघडणारी तोंडं पुष्कळ पाहिली आहेत, पण हे वेगळं, असं ते म्हणाले.

फोन करू नकोस, लागणार नाही. रस्ता खणताना आमच्या सगळ्या गल्लीची केबल तोडली आहे.

रस्त्यावरच्या रोलरवाल्याशी ओळख झाली आहे. त्याचं म्हणणं, हँडलने काही व्हायचं नाही, साखळी बांधून रोलरने गेंड्याला ओढू, गिअरमध्ये टाकला की चाकांच्या जोराने इंजिन फिरेल आणि झक मारत सुरू होईल. येत्या गुरुवारी सकाळी त्याला वेळ आहे. मला ही पद्धत धसमुसळी वाटते, पण दुसरा उपाय दिसत नाही. त्याने नाही झालं तर भंगारवाल्याला हो म्हणणार आहे. तुझं मत शेवटी खरं ठरलं असं समजून बरं वाटून घे.

चिमणीला सांग की तिच्या टिपांवाचून मला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

तुझी,
अक्का

---

१२ मार्च, रविवार

अक्का,

ओढू नकोस. रोलर नको. हँडलही नको. काही करू नकोस.

आत चिंधी आहे. कार्बोरेटर काढला तेव्हा हवा आत नेणाऱ्या नळीचं तोंड उघडं राहिलं होतं. उंदीर शिरेल म्हणून मी चिंधी कोंबली, वाकणाच्या पलीकडे, स्क्रूड्रायव्हरने ढकलून. बाहेरून दिसत नाही. मी विसरलो होतो. तू हात ठेवून ओढ लागत नाही लिहिलंस तेव्हा आठवलं. रोलरने ओढलंस तर ती सिलिंडरमध्ये खेचली जाईल, व्हॉल्व्हखाली अडकेल आणि व्हॉल्व्ह वाकेल. मग खरंच भंगार.

पत्र काल आलं, उघडलं आज. फोन लावून पाहिला. तार ऑफिसला कुलूप आहे. ही माहेरी गेली आहे, रात्री येईल, तोवर टपाल निघून जाईल. म्हणून हाताने लिहितो आहे. तिसरा कागद आहे. पहिले दोन फाटले. स्टेशनवर जाऊन टपालगाडीच्या पेटीत टाकतो.

अक्षर बघून तुला कळेलच. वर्ष होऊन गेलं. लेथवरून काढलं, आता स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजून देतो. मोजतानाही सांडतात. तिथली पोरं उचलून देतात आणि काही बोलत नाहीत, ते जास्त लागतं. बाबांच्या बेंचपाशी हे हात घेऊन उभं राहायचं नव्हतं.

गुरुवारच्या आत पोचू दे.

खिळ्या

---

१६ मार्च

चि. खिळ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. साखळी बांधून झाली होती. रोलरवाला वर बसला होता आणि डॉक्टर गेंड्याच्या सीटवर, एक पाय क्लचवर ठेवून, लढाईला निघाल्यासारखे. पोस्टमन खणलेल्या रस्त्यातून उड्या मारत आला, म्हणून मी आधी त्याच्यावरच चिडले. पाकीट बघून वाटलं, कुणा लहान मुलाने पाठवलं आहे. पहिली ओळ लागायला वेळ लागला. लागल्यावर मी रोलरपुढे जाऊन उभी राहिले. रोलरवाला म्हणाला, बाई, मी अजून सुरूही केलेला नाही.

साखळी सोडली.

अक्षर वाईट आहे. मजकूर उत्तम आहे. कामाचं पत्र असंच असावं. यापुढे टाइप केलेली पत्रं मी घेणार नाही. चिमणीने तिची स्वतंत्र पाठवावीत.

आता मुद्द्याचं. डॉक्टरांकडे लांब वाकडा चिमटा आहे. त्यांनी बॅटरी लावून नळीत पाहिलं, चिंधीचं टोक दिसतं. दहा मिनिटांत काढतो म्हणाले. मी काढू दिली नाही. हेडचं तू म्हणालास ते मी मान्य करते, ठेवणं वेगळं आणि बसवणं वेगळं. तसंच कोंबणं म्हणजे कोंबणं, यात वादाला जागा नाही. चिंधी तू घातलीस, तूच काढायचीस. दारावर लिहिलं आहे.

हात हलतो तर हलू दे. तोच घेऊन ये, दुसरा कुठून आणणार? बाबांच्या बेंचला काही वाटणार नाही, ते सागवानी आहे. मला काय वाटेल याचा विचार तू वर्षभर केलास आणि मला विचारलं नाहीस, त्याबद्दल तू आल्यावर बोलेन. ते पत्रात मावणार नाही.

प्राचार्य मार्चच्या शेवटच्या शनिवारी गाडी घेऊन येतात. सोमवारी शेड पाडणार. त्याच दिवसासाठी भंगारवाल्यालाही थांबवून ठेवलं आहे. यापलीकडे मी काही करणार नाही. चिंधी आत आहे.

डॉक्टर नमस्कार सांगतात. त्यांची सही खाली घेते आहे. बघून घे.

तुझी,
अक्का

---

२० मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांची सही पाहिली. माझी बरी आहे.

येतो. बुधवारी पोचेन. चिंधीला हात लावू नका.

खिळ्या

(मागच्या बाजूला, टाइप करून: वन्सं, रजेचा अर्ज त्यांनी स्वतः हाताने लिहिला. मी मशीनला कागद लावून बसले होते, तर नको म्हणाले. साहेबांना वाचता आला. आपली, टंकिका.)

---

२ एप्रिल

सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझा नवरा परवा सुखरूप पोचला असेल. तो तुला काय काय सांगेल याची मला कल्पना आहे, म्हणजे काहीच सांगणार नाही. म्हणून मी लिहिते.

बुधवारी आला तो दोन्ही हात खिशात घालून. चहा नको म्हणाला. मी पातेल्यातला अर्धा चहा मोठ्या पेल्यात ओतून त्याच्यासमोर ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेले. परत आले तेव्हा पेला रिकामा होता. टेबलावर थोडा सांडला होता, तो त्याने पुसलाही होता. पुढच्या वेळपासून तसाच देते, अर्धा.

डॉक्टर आले आणि त्यांनी सरळ हात पुढे केला. याने मिळवला. दोघांचे हात एकमेकांत हलत होते, त्यात कोणाचा हलतोय ते दोघांनाही कळेना. आधी डॉक्टर हसले. मग हा.

चिंधी गुरुवारी निघाली. मडगार्डवर कोपर, मनगट इंजिनाला टेकवलेलं, हातात डॉक्टरांचा चिमटा. मी बॅटरी धरली होती. दोनदा टोक पकडलं आणि सुटलं. तिसऱ्यांदा चिमटा खाली पडला. मी उचलून दिला नाही. तो वाकला, त्याने उचलला, माझ्याकडे एकदा बघितलं. चिमणे, हे सबंध काम मला हँडल मारण्यापेक्षा जड गेलं. हात पुढे न करता उभं राहायचं, एवढंच होतं.

निघाली ती लांबलचक. पांढऱ्या कापडाची बाही, कफाला दोन बटणं. माझ्या प्रयोगशाळेच्या कोटाची. तो कोट हरवला म्हणून त्या काळी मी धोब्याला घराची पायरी चढू दिली नव्हती. तुझ्या नवऱ्याने बाही हातात धरून, फार जुनं झालं अक्का, असं सांगितलं. मी सांगितलं की त्यावरही बोलेन.

टॅपेट त्याने सगळे तपासले. डॉक्टर नि मी बसवलेल्यांपैकी एक आवळ होता. तो त्याने स्वतः ढिला केला, म्हणजे नियमाने पुन्हा बसवायचाही त्यानेच. पातळ पट्टी त्याच्या हातात थरथरते, ती मी धरली. पण जड पान्हा हातात आला की हात बराच शांत होतो, हे मला नवीन होतं. त्यालाही असावं. पान्ह्याकडे बघत राहिला होता.

हँडल त्यानेच मारलं. चौथ्या फेऱ्याला गेंडा खोकला, आणि मग असा पेटला की फळीवरचे पान्हे नाचायला लागले. डॉक्टरांच्या खिडकीचे पडदे काळे झाले. त्यांनी ते धुवायचे नाहीत असं ठरवलं आहे.

शनिवारी प्राचार्य गाडी घेऊन आले, मागे फळ्या लावल्या. तुझा नवरा सीटवर चढला. शेडमधून बाहेर काढताना मी पुढे चालत होते, खड्डे दाखवत. मागे वळून पाहिलं तर स्टिअरिंग, दिवे, मडगार्ड, सीट, टोपी, सगळंच थडथडत होतं. त्या धुडावर बसल्यावर कुणाचा हात स्थिर राहील? त्याने गेंडा एका दमात फळ्यांवर चढवला. वर जाऊन इंजिन बंद केलं नाही. बराच वेळ तसाच बसून राहिला. प्राचार्यांनी मला विचारलं, उतरत का नाहीत? मी म्हटलं, इंजिन गरम होऊ द्या.

शेड सोमवारी पाडली. बेंच आणि दार आधी काढून घेतलं. दार आता वरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं आहे. जागा अडते, पण असू दे.

आता तक्रार. निघायच्या सकाळी माझ्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो असं त्याच्या लक्षात आलं. मी सांगितलं नव्हतं. त्याने मोठा पान्हा घेऊन नळ खोलला, वॉशर गेला आहे असं जाहीर केलं, आणि गाडीची वेळ झाली म्हणून नळाचे चार तुकडे बशीत ठेवून निघून गेला. मुख्य पाणी बंद करावं लागलं. मी बागेतल्या नळावरून बादल्या भरते आहे.

काल डॉक्टरांनी प्लंबर आणला होता, मी त्याला दारातूनच परत पाठवलं. तुकडे मी बरणीत घालून चिठ्ठी लावली आहे. त्याला सांग, वॉशर घेऊनच ये. नियम त्याला माहीत आहे. तूही ये, मशीन घेऊन.

माझ्या गुडघ्यांवर आणि तुम्हा दोघांवर माझा लोभ आहे.

अक्का